बारा इंच

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री,
आणि मी बर्फावरच्या माणसाचं पॅड शिवते.
डाव्या पायाचं. उजवं शेजारची लक्ष्मीदेवी येमूल शिवते.
दोघींचं मिळून एक गोलकीपर उभा राहतो.

लागले तेव्हा रुंदी दहा इंच होती.
मग कागद आला, अकरा करा.
मग बारा. छातीला वेगळी ढाल, खांद्यांना उशा.
सुपरवायझर वडनाल म्हणाला,
तिकडची माणसं सुजत चाललीत काय की.

भाचा श्रीहरी रात्रपाळीहून आला की मोबाईलवर तोच खेळ लावतो.
चिन्नम्मा, म्हणाला, पूर्वी सात-सात गोल मारायचे हे,
आता तासभर नुसती रेटारेटी, आणि एक. फार तर दोन.
कोचमुळं, म्हणतो. पाच जण मधे जाळं लावून उभे,
पुढं जायचंच नाही कुणी,
समोरचा चुकेपर्यंत थांबायचं.
त्यातून कुणी फटका मारलाच, तर दुसरा अंग टाकून आडवा.

मी गप्प. बोटात सुई गेली होती, चोखत बसले.
दिवसाला सहा पॅड, अकरा वर्षं.
माझ्या त्या दोन इंचांवर किती गोल आपटून परत गेले असतील?
मला हिशेब येत नाही. आईला आला असता,
हजार विड्यांत छाट किती, झोपेत सांगायची.

जाळं लावून उभं राहणं मात्र लगेच कळलं.
माग भंगारात घातल्यावर ह्यांनी तेच केलं.
नवं काही नको, कर्ज नको, कुणाच्या डोळ्यावर येणं नको.
आमच्या गल्लीत वीस वर्षांत
कुणीच हरलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा कागद:
अकरा करा. तिकडं लोकांना गोल बघायचेत म्हणे.
कापड कमी, म्हणून नगामागं दोन रुपये कमी.
लक्ष्मीदेवीनं तेलुगूत जे सुनावलं ते वडनालला नीट कळलं.
मी खडूची रेघ ओढली, कात्री चालवली.
इंचभर पांढरी पट्टी पायावर पडली,
दिवसभर चपलेला चिकटून माझ्यासोबत हिंडली.

रविवारी श्रीहरीशेजारी जाऊन बसले.
गोलकीपर वाकला. डाव्या पायाच्या कडेला
बोटभर काळोख.
कोट्टरा! मार की!
तोंडातून निघून गेलं.
श्रीहरी माझ्याकडंच बघायला लागला.

त्या पोरानं चेंडू,
चेंडू नव्हे ती, काळी चकती,
मागच्याला देऊन टाकली.