थिनिंगचे दिवस

यादीत जिवली भोये नाही.
यादी गावाची; ती सुरगाण्याहून आलेली,
द्राक्षबागेत थिनिंगला, आईच्या पाठीवर.

म्हणून सकाळी नऊचं सत्र
मी संध्याकाळी सातला नेलं,
मोहाडीच्या शिवारात, पंपाच्या खोलीपाशी.
आईसपॅक अजून गच्च.

कार्ड?
घरी. कुडात खोचलंय.

मग पोरीचा डावा दंड
मोबाईलच्या उजेडात वाचते:
मसुराएवढा व्रण.
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी
डोंगर चढून गेलं होतं.

ताप येईल, मी आधीच सांगते.
मुकादम म्हणतो, उद्या खाडा नको.
खाडा माझ्या नावावर मांडा.

जिवली कळवळते,
मग माझ्या पेनाला हात घालते.
नव्या कार्डावर, गावाच्या रकान्यात
मी दोन गावं लिहिते,
बारीक अक्षरात.