पाणसळ

सोहारला चार वाजताही
स्टिअरिंग हाताला चावतं.
उमैरला कडेवरून उतरवतो, सीटवर एकेक पाय आत घेतो.
डावा ऐकतो. उजवा कात्रीसारखा मिटतो,
त्याची समजूत घालावी लागते.

सुआदबाईंच्या खोलीत आरसा, गादी
आणि एक लाकडी फळी, पोटाखाली अर्धा गोळा असलेली.
तिच्यावर तो बसतो.
मी समोर, हात मांडीखाली दाबून,
कारण पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या,
"तुमचे हात त्याच्या आधी पोचतात."

सतरा वर्षं फरशा बसवतोय.
बंदरावरच्या साहेबांची न्हाणीघरं,
एका मशिदीचा वुजूखाना
(तिथे मुद्दाम उतार द्यावा लागतो, पाणी वळलं पाहिजे).
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये आला
की मी श्वास सोडतो.
वाकडं मला दुरून दिसतं.
दिसतं, आणि बोटं शिवशिवतात.

पोरालाही तसंच बघत आलो,
हे नसीमाला कधी सांगितलं नाही.
ती नर्स, तिच्याच नावावर आमचा व्हिसा.
मेंदूच्या कोणत्या कोपऱ्याला किती मिनिटं हवा कमी पडली
तिला ठाऊक आहे.
मी विचारत नाही.

वाहद, इथ्नैन, तलाता,
चारला पडतो. हसतो.
परत. पाचला.
परत. दोनलाच, आणि आता ओठ काढतो.

दाभोळहून आईचा फोन, दर जुम्म्याला:
"पोरगा उभा राहिला काय?"
बसतो हल्ली, मी म्हणतो.
"बसायला काय, गोणपण बसते,"
ती एकदा बोलून गेली,
मग बराच वेळ तिकडून नुसता पंखा ऐकू आला.

आज खिशात वीतभर पाणसळ होती.
का आणली, धड सांगता येणार नाही.
फळीवर ठेवली, त्याच्या गुडघ्यांपुढे.
हिरवा बुडबुडा बघून तो हरखला.
डावीकडे कलला, तर बुडबुडा उजवीकडे पळाला.
हा त्याच्या मागे उजवीकडे,
तर तो लबाड पुन्हा डावीकडे.
मान डुगडुगते, लाळ हनुवटीवर,
दोन्ही हात पंखांसारखे उघडे.
बाई मोजायच्या थांबल्या.

एकदाही तो बुडबुडा रेघांमध्ये ठरला नाही.
आला, गेला, आला.
आणि पोर बसलेलं.
सगळं वाकडं, आणि बसलेलं.
माझे हात मांडीखालीच होते,
मुंग्या आलेल्या.

पाणसळ परत द्यायला तयार नाही.
गाडीत छातीशी धरलीय,
गोलचक्करावर वळलो की ओरडतो, "एला! एला!"
ग अजून जमत नाही.
पुढचं वळण मी घ्यायचं नव्हतं,
तरी घेतो.
उद्या कामाआधी
नवी विकत घ्यावी लागेल.