चारशे दाण्यांचा हिशेब

जालन्यात, सळया ओढणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत
आमची बियाणं तपासायची प्रयोगशाळा.
मी चारशे दाणे मोजते, शंभराच्या चार रांगा,
ओल्या कागदात गुंडाळून पंचवीस अंशांवर ठेवते
आणि आठवडाभर बी काय म्हणतंय त्याची वाट बघते.
सोळा वर्षं झाली.
झोपेतही बोटं मोजत असतात, असं आई म्हणायची.

नमुने मुंजाजी आणतो.
परतूर, मंठा, घनसावंगी,
डिकीत लाख लावलेल्या पिशव्या
आणि भुवयांवर रस्त्याची धूळ.
पहिल्यांदा नाव ऐकून मला हसू आलं होतं.
मुंजाजी म्हणजे पिंपळावरचा, लग्नाआधीच गेलेला.
"नवसाचं नाव हाय मॅडम," तो म्हणाला.
"लगीन झालतं. बायको राहिली नाही."
मग पावतीवर सही केली
आणि पेन माझं घेऊन गेला.

इथून पुढचं मला नीट नोंदवता येत नाही.

गुरुवारी सव्वाअकराला त्याची गाडी वळते,
सायलेन्सर फुटका आहे, पार कमानीपासून कळतं.
मी मनगट धरते, भिंतीवरच्या घड्याळात बघते:
एकशे चार.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र होतं,
माणूस अभ्यासक्रमात नव्हता.
म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
मेंदूच्या तळाशी एवढ्याशा जागेतून
डोपामाइन सुटतं म्हणे.
सेरोटोनिन उतरतं, एकच गोष्ट घोकत बसणाऱ्या
आजाऱ्याचं उतरतं तसं.
डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. भूक मरते.
(डब्यातली ज्वारीची भाकरी मी तीन गुरुवार
कोपऱ्यावरच्या कुत्रीला घातली. ती मात्र बाळसं धरायलीय.)
आणि हेही लिहिलंय की दीड वर्षात,
फार तर तीन वर्षांत, हे सगळं ओसरतं.
ते पान दुमडून ठेवलंय.
तक्रार म्हणून नाही.
आमच्या पिशवीवरसुद्धा मुदत असतेच, नऊ महिने,
लोक तरी रांगा लावून नेतात.

मी कंट्रोलही ठेवून बघितला.
बदनापूरचे नमुने अन्वरभाई आणतात.
त्यांचीही गाडी वाजते, त्यांच्याही भुवयांवर तीच धूळ.
ठोके बहात्तर.
म्हणजे धुळीचा दोष नाही,
लाखेच्या वासाचा नाही,
गुरुवारचाही नसावा, कारण अन्वरभाई एकदा
गुरुवारीच आले होते.

परवा मुगाची गुंडाळी उघडली तेव्हा तो मागे उभा होता.
"काय बघायलात मॅडम?"
पांढरी मुळं, वाकलेल्या माना, आणि मधेच
सहा दाणे जसेच्या तसे, हिरवे, गुळगुळीत.
"हे मेले काय?"
"नाही. कठीण बी. पाणीच आत घेत नाही.
आम्ही वेगळं लिहितो, पण उगवणीत धरतो."
"उगवलं नाही तरी?"
"तरी."
त्यानं एक दाणा नखानं दाबून बघितला.
"मंग ह्याला करायचं काय?"
"पॉलिश कागदावर घासायचं. जरासं.
पाणी शिरेल इतकंच.
जास्त घासलं तर आतला जीव दुखावतो."

माझं वय एक्केचाळीस आहे, हे मला
नेमकं त्याच वेळी का आठवावं?
आणि आवाज इतका हळू का झाला,
दाणे काही झोपलेले नव्हते.

त्यानं मान वर केली. बाहुल्या मोठ्या होत्या,
मी बघितल्या.
पण ट्यूबलाइट फडफडत होती,
बाहुल्या अंधारानंही मोठ्या होतात.
हा पुरावा धरता येत नाही.

जाताना खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं.
"कांडी संपली होती. दुसरी टाकली."
आणि सायलेन्सर पार कमानीपर्यंत ऐकू येत राहिला.

मी रजिस्टर ओढलं.
मूग, मंठा. साधी रोपं तीनशे एक्काहत्तर,
विकृत अकरा, मेलेली बारा,
कठीण सहा.
बेरीज दोनदा केली. चारशेच.

कांडी हिरव्या शाईची निघाली.
सोळा वर्षांच्या निळ्या पानांत
ही एक ओळ हिरवी आहे,
साहेब विचारतील.