काठ

रिबकाआत्या परवा रात्री परत आली.
खानापूरला गाडी दोन मिनिटं थांबते.
तेवढ्यात तिनं आधी पिशवी उतरवली, मग स्वतःला,
आणि पहिलं वाक्य यरुशलेमविषयी नव्हतं.
"बाटली गळली रे. झाकणच लबाड."

पिशवीत इरकल होती.
यार्देनचं पाणी तिच्या लाल काठात मुरलं होतं.

चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होती ती.
कानडीत कळा देणाऱ्यांना, मराठीत कळा देणाऱ्यांना
एकाच आवाजात म्हणायची, "अजून थोडं."
पेन्शनीतून आठ वर्षं बाजूला काढत गेली
आणि दहा दिवस जाऊन आली.

आज सोप्यावर बसून तिनं त्यातला एकच दिवस सांगितला.
बाकीचे, म्हणाली, गर्दीचे होते.

सकाळी बसमध्ये पाळकसाहेबांनी लूकचा एकोणिसावा वाचला,
आणि यरीहो आलं. कुंपणात एक झाड, जक्कयाचं म्हणून.
"आपल्या बायबलात उंबर लिहिलाय.
मी परसातला उंबर डोळ्यांपुढं धरून गेले.
हा उंबर नव्हे. उंबराचा चुलत चुलता.
फळं तशीच बुंध्याला बिलगलेली, खरं पान वेगळं.
बुटक्या माणसाला चढायला सोपा, तेवढं मात्र पटलं."
तिथल्या सावलीत तिनं कुंद्याचा डबा उघडला.
नागालँडची एक मास्तरीण बोटं चाटत विचारू लागली, हे कशाचं?
"दुधाचं," आत्या म्हणाली, "आटेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं."

दुपारी नदी.

"रविवारशाळेच्या चित्रात ती अख्ख्या फळ्याएवढी होती.
चैत्रातली मलप्रभा तिच्याहून रुंद असेल बघ.
पाणी चहासारखं. म्हशी तेवढ्या नव्हत्या."

"खरंच सांगूलाईस?"

"मग काय! मध्ये एक दोरी. दोरीपलीकडं दुसरा देश.
इकडं बंदूकवाला पोरगा, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
तिकडं बंदूकवाला पोरगा, जांभया देत.
मी म्हटलं, हा धडा तर मला पाठ आहे."

मग ती कोगनोळी नाक्यावर गेली, अधूनमधून जाते तशी.
ज्या वर्षी बसगाड्या अडवल्या होत्या, पाट्यांना डांबर होतं,
त्या रात्री तिनं अडकलेल्या बसमध्ये
बॅटरीच्या उजेडात एक मुलगी जन्माला घातली होती.
कंडक्टर विचारत होता, हिला कुठल्या राज्यात धरायचं?
"मी वजन लिहिलं," आत्या म्हणते. "अडीच किलो."

नदीत लोक पांढरे झगे घालून बुडत होते.
आत्या बुडाली नाही. गुडघे.
शेवटच्या पायरीवर बसून पाय तेवढे सोडले.
समोर, दुसऱ्या देशाच्या पायरीवर, एक म्हातारी.
तीही बसलेली. तिचेही पायच पाण्यात.
तिनं आत्याकडं बघून आपल्या गुडघ्यावर थाप मारली.
आत्यानं आपल्या गुडघ्यावर मारली.
दोघी हसत सुटल्या, इतक्या
की बिया सोलणारा पोरगा उठून उभा राहिला.

"प्रार्थना केलीस?" मी विचारलं.
आत्या जरा गप्प झाली.
"करणार होते. हसण्यातच राहिली."

तेवढ्यात गंगव्वा वाटी परत द्यायला आली.
दोरीवरची इरकल तिला आधी दिसली.
काठ चिमटीत धरून म्हणाली, "बण्ण होग्याद, अक्का."
रंग उतरला होता खरा. लालातून एक मातकट ओघळ
खालच्या पांढऱ्या चौकटीपर्यंत गेलेला.

"होगली," आत्या म्हणाली. जाऊ दे.
साडी ती धुणार नाहीये, निदान ख्रिसमसपर्यंत.
बाटलीत बोटभर पाणी उरलंय.
ते कुणाला द्यायचं, ते ठरलेलं नाही.
मला म्हणाली, आत जा,
फडताळातली तेलाची बाटली आण. हे बघ,
हा उजवा. तिचाही उजवाच होता.