ळची कळ

नॅशुआतल्या शाळेच्या पार्किंगमध्ये वर्षातून एक शनिवार
जुनी यंत्रं गोळा करतात. मॉनिटरचे दहा डॉलर, बाकी फुकट.
माझ्यापुढे सात गाड्या.
एप्रिल आला तरी कडेला काळपट बर्फाचा ढीग,
तोही कुणी टाकून गेल्यासारखा.

अच्युत म्हणाला, सगळं देऊन ये, बघत बसू नकोस.
मॉनिटर त्यानेच आणलेला, ऑफिसच्या लिलावातून,
छातीशी धरून दोन मजले चढवलेला;
मग आठवडाभर कंबरेला शेक.
आणि तो प्रिंटर. रात्री किरकिरायला लागला
की खालच्या मिसेस ग्रेनियर झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या.
कागदाच्या कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या
ऋजुता फाडून घ्यायची, त्यांच्या मुंडावळ्या करायची,
आणि माउसला नवरदेव.
त्याच नवरदेवाच्या पोटातली गोळी काढून
मी नखाने मळ खरवडायची.

तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती.
दुपारी घरात मी आणि त्या डब्यातला पंखा.
मराठी फॉन्ट एका फ्लॉपीवर, कुणाच्या तरी ओळखीतून आलेला.
कुठल्या कळेखाली कुठलं अक्षर, सांगणारं कुणी नाही.
एकेक दाबत गेले.
ज्ञ पहिल्याच दिवशी. रफार तिसऱ्या.
ळ सापडेना.

महिनाभर इचलकरंजीला कुंदाताईला लिहीत राहिले:
'बाल बरं आहे. सकाली फार थंडी.
तांदूल मिलतो, पण चव वेगली.'
तिचं उत्तर आलं:
'अगं, तू बोबडी कधीपासून झालीस?'

मग एकदा बोट भलत्याच कळेवर पडलं
आणि पडद्यावर तो उमटला,
दोन पोटांचा, गुबगुबीत, सुटता न सुटणाऱ्या गाठीसारखा.
मी ओळभर नुसते तेच काढले
ळळळळळळळळळ
आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.
त्या कळेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवला.

आता माझी पाळी.
नारिंगी जाकिटातला म्हातारा, छातीवर नाव: नॉर्मंड.
एकवीस वर्षं इथल्याच कारखान्यात बोर्डांना डाग दिले, म्हणतो;
तिथे आता कुत्र्यांचं पाळणाघर आहे.
कीबोर्ड उचलून तोलतो,
कानाजवळ नेऊन एक कळ दाबतो. टक्क.
'असा आवाज आता कुणी करत नाही,' म्हणतो.
'आणि हे लाल काय?'

ळ इंग्रजीत कसा सांगायचा?
जीभ टाळूला उलटी लावून दाखवते.
मागे कुणीतरी हॉर्न देतंय.
तोही करून बघतो: ल. लर्र. पुन्हा ल.
कवळी सावरत हसतो.

फ्लॉप्या मात्र घरीच ठेवल्यात, चौदा.
ऋजुताने मध्ये कुठूनसा ड्राइव्ह आणून एक उघडली होती.
फॉन्टच नाही; नुसते चौकोन,
डॉलरची चिन्हं, उपडी प्रश्नचिन्हं.
'आई, हे खराब झालंय.'
खराब काही झालेलं नाही. सकाळची थंडी आहे तिथेच आहे,
वाचायला कुणी उरलं नाही इतकंच.
कुंदाताई आता रोज व्हिडिओवर येते,
म्हणजे तिचं कपाळ येतं, आणि मागचा पंखा.
जेवलीस का, जेवले. एवढंच.

दहा डॉलर दिले. मॉनिटर धपकन गेला, प्रिंटर त्यावर.
कीबोर्ड नॉर्मंडने पिंपात टाकला नाही;
स्वतःच्या घडीच्या खुर्चीवर ठेवला,
आणि पुढच्या गाडीकडे वळला.

पार्किंगच्या टोकाला थांबून मी फोन काढला.
यात ळ शोधावा लागत नाही, समोरच बसलेला असतो.
तरी लिहिलं:
'ताई, तलघर मोकलं केलं.'