जाकीट, नग एक

सकाळी सहाला मागणीपत्र आलं :
जॅकेट, नग चाळीस.
मी विचारलं, कुठलं?
रेनाटो काउंटरवर कोपर टेकून हसला.
हम्रियाच्या या यार्डात स्टोअरकीपरनं
एवढं विचारल्याशिवाय काही देऊ नये.

एक असतं पोपटी, चंदेरी पट्ट्यांचं,
ऑगस्टात काढताना वाटतं पाठही सोबत येतेय.
एक नारिंगी, बार्जवर जाणाऱ्यांसाठी, शिट्टी बांधलेलं;
जो तो घेताना माझ्या कानाशीच वाजवून बघतो.
एक पत्र्याचं, पाइपला चढवायचं.
बाहेर सत्तेचाळीस, आणि पाइपला थंडी वाजू नये!
एक वाएल इंजिनिअरचं, लोकरीचं, खुर्चीवर टांगलेलं :
तो एसी सोळावर ठेवतो आणि मग ते घालतो.

आणि एक ते,
शेडबाहेर चौदा महिने आडवं पडलेलं,
जाड नळ्यांचं, बहात्तर मीटर लांब.
ते समुद्रात उभं करायचं, त्याच्या डोक्यावर तेलाचा फलाट.
त्यालाही जॅकेटच म्हणतात.
ते माझ्या रॅकवर मावत नाही.

दाभोळला, जेटीच्या चढावर, आप्पांचं दुकान.
सुट्टीच्या दिवशी फोनवर सांगितलं,
आप्पा, आम्ही इथं जाकीट शिवतोय, तीन हजार टनांचं.
मशीनचं पायडल थांबलेलं ऐकू आलं.
"घालणार कोण?"
कोणी नाही. समुद्रात उभं राहणार.
"कशावर?"
चार पायांवर.
"पाय आहेत? मग ती विजार झाली, मोरू."
बाह्याही आहेत आप्पा, पण खाली, घोट्यांपाशी.
त्यांतून खांब ठोकतात थेट तळात.
"घोट्याला बाह्या! बेतलं कुणी हे?"
मी म्हणालो, ड्रॉइंग परदेशातून येतं.
"म्हणजे माप न घेता,"
आणि पायडल पुन्हा सुरू.

मी निघालो तेव्हा त्यांनी मलाही एक शिवलं होतं,
राखी रंगाचं, आतून साटीनचं अस्तर,
डाव्या बाजूला पासपोर्टपुरता चोरखिसा.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे.
जाकीट कॅम्पवर, खाटेखालच्या ट्रंकेत,
डांबराच्या गोळ्यांशी बोलत.

तिलकबहादूर वेल्डर होता.
फोटोत शिवणीत पोकळी दिसली
की पुन्हा खरवडून काढायचा, पुन्हा भरायचा,
शिव्या न देता; आप्पा उसवतात तसा.
जुलैत त्याचं काम संपलं, व्हिसाही.
पोपटी जाकीट घडी घालून आणून दिलं.
मी "परत" या रकान्यात खूण केली.
पाठीवर मार्करनं लिहिलेलं नाव
दोनदा धुऊनही गेलं नाही.
ते गोरखपूरच्या एका पोराला दिलं.
दोन दिवस सगळे त्याला तिलक म्हणत होते,
आणि तोही ओ देत होता.

काल रात्री ते मोठं जाकीट निघालं.
शेकडो चाकांच्या गाडीवरून,
मुंगीच्या पावलानं, धक्क्यावरून बार्जवर.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग जेवणाची बस आली.
मी वहीत, कुणी सांगितलं नव्हतं तरी, लिहिलं :
जॅकेट, नग एक. दिले.
"परत"चा रकाना कोरा ठेवला.

आप्पांना कळवलं, गेलं एकदाचं.
बराच वेळ काही नाही.
मला वाटलं लाइन तुटली.
मग म्हणाले,
"पाण्यात जाणार म्हणजे आटणार रे ते.
आत दोन बोटं कापड सोडलंय ना?"

हो म्हणालो.
सोडलंय, आप्पा.