तारणाचा रकाना

शुक्रवार पेठेत तालमीच्या मागं
पत्र्याचा एक गाळा आहे.
आत अकरा वॉकर, सहा खाटा, कुबड्यांची मोळी,
हवेच्या गाद्या, चार चाकाच्या खुर्च्या.
एकीचं डावं चाक कुरकुरतं,
तिला आम्ही काकू म्हणतो.
घरात कुणी अंथरुणाला खिळलं
की माणूस इथं येतो.
मी वही लिहितो. एकोणीस वर्षं.

वह्या दोन.
एक आमची: नाव, पत्ता, वस्तू, तारण, परत.
दुसरी पैसे देणाऱ्यांची,
तिला रकाने सत्तेचाळीस.
एका वर्षी त्यांनी विचारलं,
दर कुबडीमागं सामाजिक परिणाम किती?
रात्री दीडपर्यंत बसून मी लिहिलं, बासष्ट टक्के.
कशाचे, ते माझं मला माहीत नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
मंजूर झालं.

गंगावेशीत दूध समोर पिळून देतात.
तिथलं गिऱ्हाईक हुशार,
फेस बसेस्तोवर ग्लास धरून थांबतं.
आमचे अहवाल मात्र
उभ्या उभ्या फेसासकट प्यायले गेले.

खाटेला पैसे मिळायचे,
खाट नेणाऱ्या टेंपोला नाही.
गादीला मिळायचे,
ती धुणाऱ्या सुबाबाईच्या पगाराला नाही.
तो खर्च आम्ही दडवायचो,
पाहुणे आले की
दोरीवरचा फाटका बनियन दडवावा तसा.

मग पुण्याहून हेमांगी दाभाडे आल्या.
मी फाईल पुढं केली, ती त्यांनी उघडलीच नाही.
काकूत बसून गाळ्यात एक फेरी मारली,
सुबाबाईला विचारलं, साबण कुठला? डाग जातात?
तासभर सुबाबाई बोलत होती.
त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं.
निघताना म्हणाल्या,
तीन वर्षं, दर वर्षी चार लाख,
कशावर घालायचे ते तुम्ही ठरवा.
आणि अहवाल?
वर्षातून एक फोन करा.
फसलं ते आधी सांगा.

रात्री झोप नाही.
मगदूम बाईंना फोन लावला,
बाई, यात काहीतरी गोम आहे.
व्हय, बाई म्हणाल्या, आहेच की.
आता ज्याच्या नावानं बोटं मोडायची
असं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर शिकलगार आला.
आईच्या पाठीला जखमा, हवेची गादी पाहिजे.
सवयीनं माझ्या तोंडातून निघालं,
पाचशे अनामत, आधारची झेरॉक्स, ओळखीचा एक माणूस.
त्यानं दहा-वीसच्या नोटा काढल्या,
मोजल्या, परत मोजल्या,
जणू मोजून वाढतील.

त्या मोजण्यात मला मी दिसलो.
रात्रीचा दीड. बासष्ट टक्के.

राहू दे, म्हटलं.
म्हणजे?
राहू दे. काय बिघडलं तर आधी सांग.
गादी खांद्यावर टाकून तो निघाला
आणि पायरीवरून दोनदा मागं वळला,
मी हाक मारतो का बघत.

तेव्हापासून तो रकाना कोरा आहे.
फायदा झाला असं म्हणवत नाही.
एक वॉकर गेला तो गेलाच,
दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नाही.
दोन कुबड्या मात्र अशा परत आल्या
ज्या आमच्या नव्हत्याच.
दस्तगीरची आई श्रावणात गेली.
गादी त्यानं धुऊन, उन्हात घालून आणली
आणि टेकवायच्या आधी म्हणाला,
कोपऱ्यात एक भोक पडलंय.

मार्चमध्ये फोन करायचा आहे.
वॉकरचं आधी सांगणार.
पुढचं अजून जुळत नाही.

काकूच्या चाकाला तेल घालायला
आता पैसे आहेत.
सुबाबाई म्हणते, नको,
गल्लीच्या तोंडाशी आली की कळतं,
कुणीतरी परत आणतंय.